सूत्रधार आणि संगणक

मुलांनो, संगणकावरचे साहसखेळ तुम्ही पाहिले असतील. एक योद्धा भुयारात उतरतो, राक्षसाशी लढतो, घायाळ होतो आणि प्रत्येक लढाईनंतर थोडा अधिक बलवान होतो. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे सतत बदलत असतात. हे आकडे कोठून आले, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? ते संगणकात जन्मले नाहीत. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी ते तयार केले.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. दोघांनाही टेबलावर लहान लहान सैनिक मांडून लढाया खेळण्याचा छंद होता. नव्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडूने सैन्याऐवजी एकाच पात्राची भूमिका घ्यायची होती. कोणी योद्धा, कोणी जादूगार! खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होई. तो म्हणे, "समोर लोखंडी दार आहे. आतून गुरगुर ऐकू येते. आता काय कराल?" मग खेळाडू आपापला बेत सांगत.

पण नुसत्या कल्पनेने भांडणे होतात. "मी तुला मारले!" "छे, मला लागलेच नाही!" असा वाद तुम्हीही घातला असेल. तो मिटवण्यासाठी नियम हवेत. म्हणून प्रत्येक पात्राची शक्ती, बुद्धी, चपळता असे सहा गुण आकड्यांत मांडले गेले. तीन फासे टाकायचे आणि येणारी बेरीज लिहायची. म्हणजे प्रत्येक गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान येई.

घाव लागला की नाही, हेही फासाच ठरवी. १९८९ सालच्या सुधारित नियमावलीतले उदाहरण घेऊ. नवख्या योद्ध्याचा आकडा २०. शत्रूने साखळ्यांचे चिलखत घातले असेल, तर त्याचा आकडा ५. वीसातून पाच वजा केले की उरले १५. आता वीस बाजूंचा फासा टाका. १५ किंवा त्याहून जास्त दान पडले, तर घाव लागला! म्हणजे वीसांपैकी सहा वेळा यश. योद्धा अनुभवी झाला, की त्याचा २० हा आकडा कमी होत जातो आणि घाव लागणे सोपे होते.

बेरीज, वजाबाकी आणि फासे ही कामे तर संगणकाच्या हातचा मळ! १९७५ च्या सुमारासच अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी 'प्लेटो' या अभ्यासासाठी उभारलेल्या संगणक-यंत्रणेवर असे खेळ लिहिले. १९८१ साली 'विझर्ड्री' हा खेळ आला. त्यात सहा जणांची तुकडी दहा मजली भुयारात उतरे. कमी आकडा म्हणजे चांगले चिलखत, हा टेबलावरचा नियम त्यातही जसाच्या तसा होता. १९९८ सालच्या 'बाल्डर्स गेट' या खेळात तर फासे पडद्याआड फिरत होते. खेळाडूला गणित करावे लागत नसे. पण गणित तेच होते.

मग संगणकाला सगळेच जमले का? नाही. १९८८ सालच्या 'पूल ऑफ रेडिअन्स' या खेळाबरोबर एक छापील पुस्तिका मिळे. महत्त्वाच्या ठिकाणी पडद्यावर सूचना येई, की पुस्तिकेतला अमुक क्रमांकाचा उतारा वाचा. सूत्रधाराचे सारे बोलणे त्या खेळाच्या तबकड्यांत मावत नव्हते. ते कागदावर द्यावे लागले.

पुढे तबकड्यांवरची जागा वाढली. पण एक अडचण उरलीच. समजा, त्या लोखंडी दारावर पहारेकरी आहे. टेबलाशी बसलेला एखादा खेळाडू म्हणेल, "मी त्याला अंगाई गाऊन झोपवतो." हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. सूत्रधार हसेल, क्षणभर विचार करील आणि म्हणेल, "बरे, टाक फासा!" या जुन्या संगणक-खेळांत मात्र ते लिहिणाऱ्याने अंगाईचा विचार आधीच केला नसेल, तर पहारेकरी जागाच राहणार.

संगणकाने फाशांचे गणित उचलले, आणि त्यामुळे सोबती नसतानाही एकट्या मुलाला त्या भुयारात उतरता आले. हे थोडे नव्हे. पण नियमांत नसलेली गोष्ट ऐकून घेणे आणि तिला न्याय देणे, हे सूत्रधाराचे काम होते. पुढच्या वेळी पडद्यावर आकडे बदलताना पाहाल, तेव्हा त्यांच्यामागचे ते टेबल आठवा. आणि जमले तर चार मित्र, कागद आणि फासे घेऊन स्वतःच सूत्रधार होऊन पाहा!

स्वाध्याय
१. पात्रांचे गुण आकड्यांत का मांडले गेले?
२. शत्रूच्या चिलखताचा आकडा ३ असेल, तर नवख्या योद्ध्याला किती दान पडायला हवे?
३. सूत्रधाराला जमणारी कोणती गोष्ट जुन्या संगणक-खेळांना जमत नव्हती? तुमच्या शब्दांत लिहा.