लक्ष कुठं आहे तुझं?

हे वाक्य मी माझ्या नातीला वर्षभर ऐकवलं. पाढे म्हणताना ती मध्येच थांबायची, शून्यात बघत राहायची आणि दहाएक सेकंदांनी गोंधळून विचारायची, ‘आजोबा, कुठवर आलो?’ बँकेत तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या मला हा निव्वळ आळस वाटला. एकदा ती अशीच खिडकीकडं बघत असताना मी चापटही मारली.

शेवटी डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला. डोकं धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. तिथल्या बाईंनी पेस्ट लावून डोक्यावर वीसेक तारा चिकटवल्या. ‘शॉक बसेल?’ नातीनं विचारलं. यंत्र काही देत नाही, फक्त टिपतं. तेही व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागणारी वीज.

माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा टिपली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं, १९२४ साली. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं वाटलं होतं! मनातलं मनाला पोचतं कसं, या ध्यासानं तो मेंदूकडं वळला. निबंध छापला थेट १९२९ साली. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास संथ लाटा, उघडले की त्या मावळतात, हे त्याला सापडलं. बहिणीच्या तारेचं कोडं मात्र सुटलं नाही. (पुढं नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निवाडे देणाऱ्या न्यायालयात तो बसला, हेही सांगायला हवं.)

बाईंनी नातीच्या हाती कागदी भिरभिरं दिलं. ‘फुंकत राहा.’ जोरानं श्वास घेत राहिलं की लपलेला झटका वर येतो. दोनेक मिनिटांत भिरभिरं थांबलं. पडद्यावर सगळ्या रेघा एकदम उसळल्या. टोक, लाट, टोक, लाट, सेकंदाला तीन. एमआरआयच्या चित्रात असा मेंदू बहुधा निर्दोषच दिसतो. काही सेकंदांनी रेघा शांत झाल्या आणि ती पुन्हा फुंकू लागली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. अपस्माराचाच हा एक प्रकार. त्यावर गोळ्या आहेत.

परतताना रिक्षात मी तिला चापटीबद्दल सॉरी म्हटलं.

‘कुठली चापट?’ तिनं विचारलं.

ती बहुधा त्या दहा सेकंदांतच बसली होती.