पावसाचे रडार आणि बिनतारी जाळ्याची पाळी

पावसाळ्यात हवामान खात्याच्या रडारचे चित्र आता गावोगावी मोबाइलवर पाहिले जाते. त्या चित्रात कधी कधी मध्यबिंदूपासून कडेपर्यंत एक सरळ, अरुंद पट्टी ओढल्यासारखी दिसते. पाऊस असा रेघ धरून पडत नाही. पुष्कळदा ती पट्टी म्हणजे रडारच्या कानात शिरलेला दुसऱ्या बिनतारी यंत्राचा आवाज होय.

रडार आकाशात लहरींची स्पंदने सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपते. हा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो, म्हणून घराच्या गच्चीवरून विहिरीवरील कॅमेऱ्याकडे रोखलेले लहानसे वाय-फाय यंत्रही त्याला झाकू शकते. पट्टी काढून टाकावी, तर तिच्यामागचा खरा ढगही चित्रातून जातो. मळणीचे सोयाबीन अंगणात पसरलेले असताना ही चूक महाग पडते.

हा पेच उद्भवला तो जागेच्या टंचाईमुळे. वाय-फायच्या जुन्या, २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणाऱ्या वाहिन्या सामान्यतः तीनच आहेत: १, ६ आणि ११. पुढे ५००० मेगाहर्ट्झच्या वरची जागा वापरात आली. परंतु तेथे रडार आधीपासून होते. अनेक हवामान रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतात. मुंबईस वेरावली येथे २०२२ मध्ये सुरू झालेले रडारही सी-पट्ट्यातीलच आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने वाय-फायला या भागात शिरकाव दिला, तो रडारला वाट देण्याच्या अटीवर. भारतात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झचा भाग २०१८ मध्ये विनापरवाना वापरास खुला झाला.

ही व्यवस्था पाटाच्या पाण्यासारखी आहे. पाळी रडारची, वाय-फायने उरलेले घ्यावे आणि पाळीवाला आला की आपले दार बंद करावे. युरोप-अमेरिकेतील नियमांनुसार अशा वाहिनीवर बोलण्यापूर्वी यंत्राने ६० सेकंद नुसते ऐकावयाचे असते. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झसाठी हा अवधी १० मिनिटांचा आहे, कारण फिरत्या रडारचा झोत एका ठिकाणावर क्षणभरच येतो. रडार ऐकू आल्यास १० सेकंदांत वाहिनी सोडावी लागते आणि ३० मिनिटे तिकडे परतता येत नाही. निघताना मुख्य यंत्र आपल्या जोडीदारांस नवी वाहिनी आणि निघण्याची वेळ कळविते. मग सर्वजण बरोबरच हलतात. नवी वाहिनीही रडारच्या वाट्याची असेल तर पुन्हा मिनिटभर ऐकणे आले. त्या अवधीत जोडणी तुटलेली दिसते. तो बिघाड नव्हे.

याच मिनिटाला कंटाळून काही ठिकाणी ऐकण्याची सोय बंद केली जाते किंवा यंत्रात भलताच देश निवडला जातो. प्वेर्तो रिको बेटावरील सान हुआन येथे २००९ मध्ये विमानतळाच्या हवामान रडारवर असाच त्रास आढळला. हे रडार उतरत्या विमानांना घातक वाऱ्याची सूचना देणारे. शोध घेता त्याच पट्ट्यातील उघड्यावरची बिनतारी यंत्रे सापडली. अमेरिकेत पुढे ही सोय न पाळणाऱ्या चालकांना दंडही झाले.

शेतावर अशी जोडणी बसविताना ग्रामसेवकाने राऊटरमधील देश ‘भारत’ असल्याचे स्वतः पाहावे; केवळ बसविणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. वाहिनी वारंवार बदलून पंपाचा संदेश खोळंबत असेल, तर ऐकण्याची सोय बंद न करता १४९ ते १६५ पैकी एखादी वाहिनी निश्चित करावी. ती रडारच्या वाट्यात येत नाही. रडारच्या चित्रात एकाच दिशेला रोज पट्टी दिसू लागली, तर दिनांक, वेळ आणि दिशा टिपून चित्रासह जवळच्या हवामान केंद्रास कळवावे.