एक कोटी ठोके आणि एक सेकंद

घड्याळ चुकते आहे हे कळायला दुसरे घड्याळ लागते. पण ते दुसरे बरोबर आहे, हे कोणी सांगायचे? घरात हा वाद बातम्यांची वेळ पाहून मिटतो. सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसणाऱ्या हौशी माणसाच्या मात्र तो रात्रीच्या रात्री खातो.

मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की उरतो एक, म्हणजे सेकंदाचा एक ठोका. यात दहा लाखांत वीस एवढी चूक असली तर घड्याळ महिन्याला जवळपास मिनिटभर चुकते. लग्नाचा मुहूर्त काही त्याने टळत नाही.

पण हॅम रेडिओवाल्याचे काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारचा 'एस-हेल २' हा उपग्रह गेला. त्यावर हौशी रेडिओवाल्यांसाठी राखीव सोय आहे आणि ती भारतातूनही ऐकू येते. आवाज उतरतो १०,४८९ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. तो पकडायला टीव्हीच्या डिशवरचा साधा एलएनबी चालतो. त्यातल्या २५ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकाचे ठोके आत ३९० पट होतात, आणि चूकही तेवढीच पट होते. दहा लाखांत एकाची चूक म्हणजे पावणेदहा किलोहर्ट्‌झ! माणसाच्या बोलण्याला इथे जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्‌झ जागा असते. डिशवर ऊन चढले की बोलणारा माणूस हातातून निसटतो.

पहिला उपाय स्वयंपाकघरातला वाटावा असा आहे: स्फटिकाला भट्टीत ठेवायचे. छोट्या बंद डब्यात त्याला भोवतालच्या हवेपेक्षा बऱ्याच वरच्या, पण कायम एकाच तपमानावर राखायचे. मग बाहेर थंडी असो की मे महिना, त्याला फारसा पत्ता लागत नाही. टेलिफोन यंत्रणांच्या भंगारातून निघालेल्या अशा जुन्या भट्ट्या नव्या स्वस्त मालापेक्षा मला अधिक भरवशाच्या वाटतात. वर्षानुवर्षे तापून त्यांचा स्फटिक निवलेला असतो. तरी वयाबरोबर तोही हळूहळू सरकतोच.

त्याला सरळ ठेवायला हवा जीपीएसचा उपग्रह. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या या उपग्रहांत अणुघड्याळे आहेत, आणि जमिनीवरचा छोटा रिसीव्हर त्यांच्यावरून दर सेकंदाला एक ठोका देतो. अमेरिका पूर्वी या संकेतात मुद्दाम भेसळ करीत असे. मे २००० मध्ये ती थांबली. मात्र एकेकटा ठोका अजूनही पाचपन्नास नॅनोसेकंद पुढेमागे होतो. एका सेकंदाच्या मोजमापात पन्नास नॅनोसेकंद म्हणजे दहा कोटींत पाच, भट्टीतल्या स्फटिकापुढे लाजिरवाणे. पण तेच पन्नास दहा हजार सेकंदांवर, म्हणजे पावणेतीन तासांवर पसरले की चूक उरते एक लाख कोटींत पाच!

स्फटिक घटकाभर शहाणा आणि महिन्याने भरकटणारा. उपग्रह घटकाभर चंचल आणि महिन्याने अढळ. हौशी कारागीर या दोघांचे लग्न लावतो. १० मेगाहर्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला एक कोटी ठोके देतो. कोटी मोजून एक खूण काढायची, ती उपग्रहाच्या ठोक्याशी ताडायची आणि स्फटिकाला नियंत्रक व्होल्टेजने किंचित, अगदी किंचित ढकलायचे. नवखे इथेच घाई करतात. दर सेकंदाला ढकलले तर उपग्रहाचा चंचलपणाच स्फटिकात उतरतो. दुरुस्ती तासांच्या हिशेबाने हवी.

आता आपल्या 'नाविक'चाही पर्याय आहे. मे २०२३ मध्ये सुटलेल्या 'एनव्हीएस-०१' या उपग्रहात भारतात बनलेले रुबिडियम अणुघड्याळ बसवले गेले.

बाकी अडचणी घरगुतीच. फ्लॅटच्या गॅलरीतून अर्धेच आकाश दिसते, म्हणून अँटेना गच्चीवर न्यावी लागते. छताच्या पंख्याचा वारा डब्यावर आला की आकडे हलतात. थर्माकोलचे खोके बरे. आणि वीज गेली की भट्टी गार होते, पुन्हा स्थिरावायला तासन्‌तास, कधी दिवस जातात. तिला स्वतंत्र बॅटरी जोडावीच. टीव्ही तेवढा वेळ बंद राहिला तरी चालेल.