कांद्याचे पापुद्रे आणि शेवटचे दार

वर्गात एक खेळ खेळून पाहा. त्याला पाच जण, एक चिठ्ठी आणि एकात एक मावतील अशी तीन पाकिटे लागतील.

अनघाला इरफानला एक प्रश्न विचारायचा आहे. पण तो कोणी विचारला हे कोणालाही कळू द्यायचे नाही. ती चिठ्ठीवर प्रश्न लिहिते, वर 'इरफानला द्यावी' असे लिहिते. स्वतःचे नाव मात्र लिहीत नाही. चिठ्ठी ती लहान पाकिटात घालते व त्यावर 'दत्ता' असे लिहिते. ते पाकीट मधल्या पाकिटात जाते, त्यावर 'चित्रा'. ते पुन्हा मोठ्या पाकिटात, त्यावर 'बाळू'. नियम एकच : प्रत्येकाने फक्त आपल्या नावाचे पाकीट उघडावे आणि आत ज्याचे नाव दिसेल त्याच्या हाती द्यावे.

खेळ संपल्यावर प्रत्येकाला विचारा, "तुला काय समजले?" बाळूला अनघा माहीत आहे, पण पाकीट चित्राकडे गेले, यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. चित्राला फक्त बाळू आणि दत्ता माहीत आहेत. दत्ताला चिठ्ठी आणि इरफान माहीत आहेत. पण अनघाचे नावही त्याच्या कानावर आलेले नाही. म्हणजे चिठ्ठी कोणाची आणि कोणाला, या दोन्ही गोष्टी तिघांपैकी एकालाही एकत्र कळल्या नाहीत.

आता असे समजा, की चिठ्ठीत प्रश्न नसून शिवी आहे. इरफान कोणावर चिडेल? अनघावर नाही, दत्तावर! कारण चिठ्ठी त्याला दत्ताने दिली. आजचा आपला लेख या दत्ताविषयी आहे.

पापुद्र्यांची कल्पना

इंटरनेटवर आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपल्या जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, त्या संकेतस्थळाला कळतो. मजकूर सांकेतिक लिपीत असला तरी 'कोण कोणाशी बोलत आहे' हे मधल्या माणसाला दिसतेच. पुष्कळदा तेवढेही पुरेसे असते. एखादा सरकारी कर्मचारी रोज रात्री एका वार्ताहराशी संपर्क साधतो एवढे कळले, की काय बोलणे झाले हे ऐकण्याची गरजच उरत नाही.

यावर उपाय शोधण्याची सुरुवात बरीच जुनी आहे. डेव्हिड चॉम या संशोधकाने १९८१ मध्ये, पत्रे अनेक मध्यस्थांतून फिरवून त्यांचा माग पुसण्याची पद्धत मांडली. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी आपल्या पाकिटांसारखी योजना तयार केली. एकावर एक पापुद्रे म्हणून तिला कांद्याचे नाव मिळाले. २००२ मध्ये रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हर्सन यांच्यासह 'टॉर' हे जाळे सुरू केले.

नौदलाने काढलेली वस्तू सर्वांसाठी खुली का केली, असे तुम्ही विचाराल. कारण सोपे आहे. ते जाळे फक्त नौदलच वापरत असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचाच हे उघड झाले असते. लपायला गर्दी हवी, आणि गर्दी सर्व प्रकारच्या माणसांचीच असते.

टॉरमध्ये बाळू, चित्रा व दत्ता यांच्या जागी तीन संगणक असतात. त्यांना रिले म्हणतात. तारायंत्राच्या लांब तारेवर क्षीण झालेला संदेश पुढच्या तारेवर नव्या जोमाने पाठवणाऱ्या साधनाला रिले म्हणत. तोच हा शब्द. जगभर स्वयंसेवकांनी चालवलेली अशी काही हजार रिले आहेत. तुमचा संगणक त्यांतून तीन निवडतो, प्रत्येकाशी एक स्वतंत्र सांकेतिक किल्ली ठरवतो आणि संदेशावर तीन पापुद्रे चढवतो. प्रत्येक रिले एक पापुद्रा सोलते. उत्तर परत येताना प्रत्येक रिले एक पापुद्रा चढवते आणि तुमचा संगणक तिन्ही उतरवतो. आपल्या खेळातली पाकिटे लहानमोठी होती. त्यामुळे आकारावरून कोण कितवा हे ओळखता येते. टॉरमध्ये ही चूक टाळली आहे. मूळ आराखड्यात संदेशाचे सर्व तुकडे ५१२ बाइटांचेच ठेवले होते.

तिघांतल्या शेवटच्या रिलेला एक्झिट रिले, म्हणजे बाहेर पडण्याचे दार म्हणतात. तोच आपला दत्ता.

दत्ताला काय दिसते?

शेवटचा पापुद्रा दत्ता सोलतो, म्हणून चिठ्ठी उघडी असली तर ती तो वाचू शकतो. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने पाच एक्झिट रिले चालवून जाणारी माहिती नुसती पाहिली. निरनिराळ्या देशांच्या वकिलाती व सरकारी कार्यालये यांच्या ई-मेल खात्यांचे परवलीचे शब्द त्याला आयते मिळाले. सुमारे शंभर खात्यांची माहिती त्याने जाहीर केली. तीत भारताच्या काही सरकारी कार्यालयांची खातीही होती. टॉर फुटले होते का? नाही. टॉर 'कोण' हे लपवते, 'काय' हे लपवण्याचे काम त्याचे नाही. चिठ्ठी उघडी ठेवली होती, एवढेच.

यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठी इरफानच्या नावाच्या चौथ्या पाकिटात बंद करणे. संकेतस्थळाच्या पत्त्यापूर्वी 'एचटीटीपीएस' अशी अक्षरे असतात तेव्हा नेमके हेच घडते. आज बहुतेक संकेतस्थळे असे बंद पाकीट वापरतात. मग दत्ताला इरफानचे नाव दिसते, मजकूर दिसत नाही.

दार कोणाला उघडायचे?

एक्झिट रिले लावणे म्हणजे एका साध्या मजकूर-फाइलीत काही ओळी लिहिणे. पहिली ओळ फार महत्त्वाची : 'मी एक्झिट आहे.' मालकाने असे स्पष्ट लिहिल्याशिवाय रिले आपण होऊन एक्झिट होत नाही. ते फक्त बाळूचे किंवा चित्राचे काम करते.

त्यानंतर येते बाहेर सोडण्याचे धोरण. टपाल कचेरीत तिकिटांची खिडकी वेगळी, मनीऑर्डरची वेगळी. तशाच प्रत्येक संगणकाला क्रमांक घातलेल्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. हा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ते ० ते ६५,५३५ पर्यंत असू शकतात. संकेतस्थळांसाठी ८० व ४४३, तर ई-मेल पोहोचवण्यासाठी २५ हा पोर्ट वापरतात. समजा, मालकाने असे तीन नियम लिहिले :

१. पोर्ट ८० : जाऊ द्या.
२. पोर्ट ४४३ : जाऊ द्या.
३. बाकी सर्व : नाकारा.

रिले हे नियम वरून खाली वाचते आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच पाळते. आता तिसरा नियम सर्वांत वर नेला तर काय होईल? दार कायमचे बंद! कारण प्रत्येक संदेश 'बाकी सर्व' मध्येच मोडेल. मालकाने काहीच लिहिले नाही, तर ठरलेले नियम पोर्ट २५ नाकारतात. नाहीतर नको असलेल्या जाहिरातींची लाखो पत्रे या दारातून बाहेर पडली असती. मालकाच्या घरच्या किंवा कार्यालयाच्या आतल्या जाळ्याकडे जाणारे संदेशही नाकारले जातात. परक्या पाहुण्याला पुढच्या दाराने सोडायचे, माजघरात नव्हे.

आणखी तीन गोष्टी लागतात. एकाच माणसाची अनेक रिले असली तर त्याने ती एका कुटुंबातली म्हणून जाहीर करावीत. नाहीतर बाळू आणि दत्ता एकाच घरचे निघतील आणि खेळातले गुपितच फुटेल. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधण्याचे काम एक्झिट रिले करते. तो शोध त्याच यंत्रावर स्वतःच्या सोयीने करावा. सर्वच एक्झिट रिले एकाच मोठ्या कंपनीला विचारू लागली, तर सर्व दारांबाहेर तीच एक कंपनी टेहळणी करू शकेल. आणि यंत्राचे घड्याळ अचूक हवे, कारण रिलेंची यादी ठरावीक काळापुरतीच ग्राह्य असते.

पाटी लावून बसावे

पण खरी अडचण फाइलीत नसून इरफानच्या रागात आहे. त्याला दिसतो तो फक्त दत्ताचा पत्ता.

एप्रिल २०१७ मध्ये मॉस्को येथे दिमित्री बोगातोव या तरुण गणित-अध्यापकाला अटक झाली. लोकांना दंगलीस चिथावणारा मजकूर त्यांच्या पत्त्यावरून प्रसिद्ध झाला, असा आरोप होता. ते घरी एक्झिट रिले चालवत होते. मजकूर आपला नाही असे ते सांगत राहिले. तरी त्यांना साडेतीन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात आणि पुढे घरकैदेत काढावा लागला. २०१८ मध्ये त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

म्हणून अनुभवी लोक पहिला नियम सांगतात : एक्झिट रिले घरच्या जोडणीवर कधीही चालवू नये. त्यासाठी वेगळे यंत्र भाड्याने घ्यावे, त्याच्या मालकाला आधी सर्व सांगून संमती मिळवावी, आणि तो पत्ता दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. दुसरा नियम : लपू नये. यंत्राच्या नावातच 'टॉर एक्झिट' असे शब्द ठेवावेत. तो पत्ता उघडून पाहणाऱ्याला 'हे काय आहे' सांगणारे पान दिसावे. संपर्काचा पत्ता खरा असावा आणि प्रत्येक तक्रारीला लवकर व सभ्य उत्तर द्यावे. तिसरा नियम : मजकूर पाहू नये, साठवू नये. जे आपल्याजवळ नाही ते चोरीला जात नाही, आणि दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे हा पुष्कळ देशांत गुन्हा आहे.

रिलेंची यादी सर्वांसाठी खुली असते. अमुक दिवशी अमुक पत्ता टॉरचा होता की नाही, हे सांगणारी 'एक्झोनेरेटर' नावाची सोयही आहे. निर्दोष दत्ताच्या बाजूने ती साक्ष देते.

उघडपणाचा उपयोग अमेरिकेत दिसून आला. न्यू हॅम्पशर राज्यातील लेबनॉन या छोट्या शहरात किल्टन सार्वजनिक ग्रंथालय आहे. २०१५ मध्ये तेथे टॉरचे रिले सुरू झाले. सुरुवात मधल्या रिलेने करून पुढे एक्झिट करायचे असा बेत होता. पोलिसांकडून काळजीचा सूर निघाल्यावर ते थांबवण्यात आले. मग विश्वस्तांची सभा झाली, गावकरी बोलले, आणि सप्टेंबरमध्ये रिले पुन्हा चालू ठेवण्याचे ठरले. मॉस्कोत अध्यापक एकटे होते. लेबनॉनमध्ये ग्रंथालयामागे गाव उभे होते. कायद्यांतही फरक आहेच. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार, आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावयाची आहे. म्हणून असे काम जाणत्या प्रौढांनी, कायद्याचा सल्ला घेऊन आणि एखाद्या संस्थेच्या नावानेच करावे. विद्यार्थ्यांनी पाकिटांचा खेळ खेळावा, रिले घरी लावू नये.

पापुद्र्यांची मर्यादा

टॉरला जादूचा अंगरखा समजू नका. दाराच्या दोन्ही टोकांवर जो एकाच वेळी नजर ठेवू शकतो, तो वेळा जुळवून अंदाज बांधू शकतो : अनघाने पाकीट दिले ११ वाजून ५ मिनिटांनी, इरफानला चिठ्ठी मिळाली ११ वाजून ६ मिनिटांनी! डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने परीक्षा चुकवण्यासाठी बॉम्बच्या खोट्या धमक्या टॉरमधून पाठवल्या. विद्यापीठाच्याच जाळ्यावरून त्या वेळी टॉर कोण वापरत होते हे तपासताच शोध त्याच्यापर्यंत पोहोचला, आणि त्याने कबुली दिली. गर्दी नसेल तर मुखवट्याचा उपयोग नाही.

मित्रांनो, या जाळ्यात सर्वांचीच नावे लपलेली असतात असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. हजारो अनोळखी माणसांना आपले नाव न सांगता वाचता-लिहिता यावे, यासाठी शेवटच्या दारावर कोणीतरी स्वतःचे नाव व पत्ता लिहून बसलेला असतो. लोकांच्या तक्रारी तो ऐकतो आणि पाहुण्यांच्या चिठ्ठ्या वाचत नाही.

विचार करा

१. खेळात बाळू आणि दत्ता मधल्या सुट्टीत एकमेकांना भेटले, तर त्यांना काय कळेल? चित्राने ती भेट निष्फळ करण्यासाठी काय करावे?
२. तीनऐवजी एकच मध्यस्थ असता तर काय बिघडले असते?
३. तुमच्या वर्गात दत्ताची जागा कोणाला द्याल? त्याला चिठ्ठ्या वाचण्याची मुभा असावी का? दोन्ही बाजूंनी वादविवाद करा.