छोटा संगणक, बुटका कूलर आणि पुण्याचा उन्हाळा

दोन खोल्यांच्या घरात एक जण झोपलेला आणि दुसरा संगणकावर काम करीत बसलेला, हे दृश्य आता पेठांतील जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत दिसते, तसेच वाकड-हिंजवडीच्या सदनिकांतही दिसते. कुणी परदेशातील कार्यालयाच्या वेळा सांभाळत असतो, कुणी अभियांत्रिकीचा प्रकल्प पूर्ण करीत असतो. अशा घरात टेबलावर मावणारा छोटा डेस्कटॉप सोयीचा वाटतो. मोठे कॅबिनेट जाते, जागा मोकळी होते आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात येते, की पूर्वी टेबलाखाली असलेला पंख्याचा आवाज आता कानापासून हातभर अंतरावर आला आहे. मग 'सायलेंट' असे खोक्यावर लिहिलेला कूलर विकत आणला जातो. तो अनेकदा कॅबिनेटमध्ये बसतच नाही. बसलाच, तर एप्रिलमध्ये त्याचे मौन सुटते.

छोट्या संगणकातील शांतता ही केवळ कूलरच्या किमतीवर अवलंबून नसते. कॅबिनेटमधील उंची, प्रोसेसर प्रत्यक्षात खात असलेली वीज आणि खोलीचे तापमान या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्याखेरीज केलेली खरेदी अंदाजपंचे ठरते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पुण्यात मात्र तीच सर्वांत महाग पडते.

मिलिमीटरचा हिशेब

नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये मनोऱ्यासारखा उभा कूलर लावतात. त्याची उंची साधारणपणे १५५ ते १६५ मिलिमीटर असते. १७ सेंटिमीटर चौरस आकाराच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डसाठी बनविलेल्या सपाट कॅबिनेटांत मात्र कूलरला बऱ्याचदा ४० ते ७० मिलिमीटर एवढीच जागा मिळते. येथे लो-प्रोफाइल, म्हणजे सरळ मराठीत बुटका, कूलर लागतो. त्यात पंखा आडवा असतो आणि हवा वरून खाली मदरबोर्डवर मारली जाते. याचा एक फायदा असा, की प्रोसेसरभोवतीच्या इतर भागांनाही थोडा वारा लागतो.

नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९आय हा कूलर पंख्यासह अवघा ३७ मिलिमीटर उंच आहे. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ त्याच्या नावातच सांगितल्याप्रमाणे ४७ मिलिमीटरचा. नॉक्टुआचाच एनएच-एल१२एस ७० मिलिमीटरपर्यंत जातो आणि त्यावर १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा बसतो. एएमडीच्या काही प्रोसेसरांसोबत खोक्यात मिळणारा 'रेथ स्टेल्थ' ५४ मिलिमीटर उंच आहे. म्हणजे फुकट मिळालेला कूलरही अतिसपाट कॅबिनेटमध्ये बसेलच असे नाही.

उंची घटली की धातूच्या पात्यांचे क्षेत्रफळ घटते आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून उपलब्ध उंचीत मावणारा सर्वांत मोठा कूलर घ्यावा. गरजेपेक्षा बुटका घेण्यात काही शहाणपण नाही. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. माहितीपत्रक हरवले असेल, तर प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत पट्टीने मोजावे. रुंद कूलर मेमरीच्या उंच पट्ट्यांवर आदळत नाही ना, तेही पाहावे.

सॉकेटचा प्रश्न याहून फसवा आहे. इंटेलने २०२१ मध्ये आणलेल्या एलजीए १७०० सॉकेटसाठी मदरबोर्डवरील छिद्रांमधील अंतर ७५ ऐवजी ७८ मिलिमीटर झाले. त्यामुळे जुन्या संगणकातील कूलर नवे ब्रॅकेट मिळाल्याशिवाय नीट बसत नाही. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटची छिद्रे सारखीच आहेत. पण एएम५ मध्ये मागची पट्टी काढता येत नाही. ती काढून मागून स्क्रू लावावे लागणारे काही बुटके कूलर त्यामुळे बाद होतात. दुकानात 'सगळ्याला बसतो' असे सांगितले गेले, तरी सॉकेटचे नाव खोक्यावर वाचून घेतलेले बरे. थर्मल पेस्ट लागलेला कूलर परत घेण्यास दुकानदार सहसा नाखूश असतो.

६५ वॅट म्हणजे किती?

प्रोसेसरच्या खोक्यावरील वॅटचा आकडा बहुतेक जण कमाल समजतात. तो तसा नाही. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते. परंतु जोर लावावा लागला की कंपनीच्याच माहितीनुसार तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हाही ६५ वॅटचा म्हणवला जातो आणि पूर्ण भारात ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णताच होते. ३७ मिलिमीटरच्या कूलरवर ११७ वॅट सोपविले, तर तो बिचारा किंचाळणारच.

येथे एक उपाय पैसे न खर्चता करता येतो. बायोसमध्ये प्रोसेसरच्या विजेवर मर्यादा घालता येते. आय५-१२४०० ला ६५ वॅटवर रोखावे. ५६००जी साठी अनेक मदरबोर्डवर ४५ वॅटचा 'इको मोड' मिळतो. वेग निम्मा होईल ही भीती अनाठायी आहे. प्रोसेसरचा वेग वाढविण्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि वीज ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी अवाच्या सवा वीज खर्ची पडते. ती शेवटची पायरी सोडून दिली, तर लेखन, हिशेब, व्हिडिओ बैठका अशा कामांत फरक जाणवतही नाही. चित्रफितींचे संकलन करणाऱ्यांना काही मिनिटे अधिक थांबावे लागेल. रात्री शेजारी कुणी झोपले असेल, तर हा सौदा वाईट नाही.

खोली बावीस अंशांची की अडतीस अंशांची?

कूलरच्या चाचण्या बहुधा वीस ते पंचवीस अंश तापमानाच्या खोलीत घेतल्या जातात. कूलर हा वातानुकूलन यंत्र नव्हे. तो खोलीतील हवेपेक्षा थंड काहीही करू शकत नाही. ठराविक विजेवर आणि ठराविक वेगावर प्रोसेसर हवेपेक्षा किती अंशांनी गरम राहील, एवढेच तो ठरवितो. समजा, २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर आहे. फरक ४८ अंशांचा. तीच खोली ३८ अंशांवर गेली, की प्रोसेसर ८६ वर पोचतो. आता पंखा वेग वाढवितो आणि चाचणीत शांत ठरलेला कूलर घोंघावू लागतो. इंटेलचे प्रोसेसर साधारण १०० अंशांना, तर एएमडीचे अनेक प्रोसेसर ९० ते ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवितात.

पुण्याची हवा थंड अशी ख्याती असली, तरी २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगर येथे पारा ४३ अंशांवर गेला होता. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली दुपारी घरातील तापमान किती होते हे पुणेकरांना सांगायला नको. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. पंखा तेवढीच कमी हवा ढकलतो. परिणाम किरकोळ, पण तो उलट दिशेचाच. म्हणून परीक्षणात वाचलेल्या तापमानात १५ अंश मिळवूनच कूलरची निवड करावी.

(पाषाणच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता वाहून नेण्याचे काम द्रवाकडे दिले आहे. घरच्या छोट्या कॅबिनेटमध्ये द्रवाचा रेडिएटर मावेलच असे नाही आणि पंपाचा आवाज वेगळाच.)

छताचा पंखा मदतीला

पंख्याचा वेग निम्मा केला, तर हवाही निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी भासते, हे लक्षात घेतले तर मोठा पंखा हळू फिरविण्यात किती लाभ आहे ते कळेल. एनएच-एल९आयचा ९२ मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २५०० फेऱ्यांवर २३.६ डेसिबल आवाज करतो, असे कंपनी सांगते. हा आकडा वाईट नाही. खरा त्रास पातळीपेक्षा चढउताराचा असतो. ब्राउझर उघडला की घुर्रर्र, बंद केला की शांत, पुन्हा घुर्रर्र. संथ एकसुरी आवाजाकडे कान दुर्लक्ष करतात. या आवाजाकडे करू शकत नाहीत.

बायोसमध्ये पंख्याचा आलेख ठरविता येतो. प्रोसेसर ६५-७० अंशांच्या खाली असेपर्यंत वेग स्थिर ठेवावा, त्यानंतर हळूहळू वाढू द्यावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर तीही वापरावी.

आपल्या घरांची एक सोय परदेशी परीक्षणांत आढळत नाही. उन्हाळ्यात संगणकाचा पंखा वेगाने फिरतो, तेव्हा डोक्यावर छताचा पंखाही पूर्ण वेगात असतो आणि त्याच्या घरघरीत संगणक ऐकूही येत नाही. आवाज खटकतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, छताचा पंखा बंद असताना. पण तेव्हा खोलीच गार असते. त्यामुळे आलेख असा आखावा, की थंडीत पंखा किमान वेगावरच राहील आणि वरचा वेग उन्हाळ्यासाठी मोकळा राहील. मे महिन्यातील दुपारीही संगणक नीरव हवा, असा हट्ट धरणाऱ्यास कूलरपेक्षा मोठे कॅबिनेट घ्यावे लागेल.

खरेदीपूर्वी झाकण उघडा

तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र पैसे मोजण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. दुपारी संगणकाला अर्धा तास जड काम द्यावे आणि प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवावे. मग कॅबिनेटचे झाकण काढून तेच काम पुन्हा द्यावे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कूलरचा नाही, हवेचा आहे. झाकणाला जाळी नसेल, तर आडव्या पंख्याला श्वास घ्यायला जागाच नसते आणि तो आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. जाळी असेल, पण पंखा आणि जाळी यांमध्ये बोटभर फट असेल, तर ती फोमच्या पट्टीने कडेने बंद करावी, म्हणजे बाहेरची ताजी हवाच आत येते. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटला कोणताही कूलर वाचवू शकत नाही.

आवाज कूलरचाच आहे, याचीही खात्री करावी. पंख्याच्या मध्यावर बोट टेकवून तो थांबविण्याचे प्रयोग करू नयेत. बायोसमधून त्याचा वेग क्षणभर उतरवून ऐकावे. आवाज तसाच राहिला, तर संशयित दुसरे आहेत. लहान कॅबिनेटमधील एसएमपीएसला कधीकधी ४० मिलिमीटरचा पंखा असतो आणि त्याची शीळ दुसऱ्या खोलीत ऐकू जाते. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क पत्र्याला कंप देते. तिच्या जागी एसएसडी बसविली की तो आवाज नाहीसा होतो.

ज्यांचे काम टंकलेखन, ई-मेल आणि बँकेचे व्यवहार एवढेच आहे, त्यांनी या भानगडीत पडावे काय, हाही प्रश्नच आहे. इंटेलने २०२३ च्या प्रारंभी आणलेला एन१०० हा प्रोसेसर ६ वॅट गटातील आहे. पंखाच नसलेल्या, धातूच्या पेटीतूनच उष्णता सोडणाऱ्या छोट्या संगणकांत तो मिळतो.

बाकी राहते ती धूळ. शहरात बांधकामे जागोजागी आणि खिडक्या उघड्या. बुटक्या कूलरची दाट पाती काही महिन्यांतच गाळणीसारखी भरतात आणि पंख्याचा वेग चढतो. दिवाळीच्या सफाईत संगणकही येतोच. पण त्याची खरी सफाई गुढीपाडव्याच्या आधी, ऊन तापण्यापूर्वी व्हावी. वीज बंद करून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. व्हॅक्यूम क्लीनरच्या झोताने पंखा गरगर फिरू दिला, तर त्याचे बेअरिंग बिघडते आणि मग जो आवाज सुरू होतो, त्यावर बायोसमध्ये इलाज नाही.