बढती डावलली? सरकारी कर्मचाऱ्याने हे जाणून घ्यावे

■ विचार होण्याचा हक्क : बढती हक्काने मागता येत नाही, पण पात्र कर्मचाऱ्याचा बढतीसाठी विचार होणे हा घटनेच्या कलम १६ नुसार मूलभूत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने अजित सिंग खटल्यात (१९९९) हे स्पष्ट केले.

■ 'चांगला' शेराही आड येतो : सीमा रस्ते विभागातील अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ साली 'चांगला' शेरा मिळाला. बढतीची अट होती मागची पाचही वर्षे 'अतिशय चांगला'. तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००८ मध्ये लागला, तोवर ते निवृत्त झाले होते. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व कायम केले.

■ १५ दिवसांची मुदत : केंद्राच्या २००९ च्या आदेशानुसार संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो. हरकत १५ दिवसांत लेखी द्यावी.

■ मोहोरबंद पाकीट : नुसत्या तक्रारीवरून किंवा प्राथमिक चौकशीवरून निवड समितीचा निर्णय पाकिटात बंद ठेवता येत नाही, त्यासाठी दोषारोपपत्र बजावलेले असावे लागते (जानकीरामन खटला, १९९१).

■ दाद कुठे? राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच 'मॅट' : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. अंतिम आदेशापासून मुदत साधारण एक वर्ष.

अन्याय सहन करणाऱ्याची मुदतही सरत असते. म्हणून हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि प्रत्येक कागद जपून ठेवा.