ड्रायव्हरची चूक कोण शोधणार?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी आपल्या देशातील कित्येक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. संगणकांचे पडदे निळे होऊन बसले होते. बंद करून पुन्हा चालू केले की पुन्हा निळे! जगभरात सुमारे ८५ लाख यंत्रे अशी आडवी झाली, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने नंतर दिला. कारण काय, तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीच्या एका भागाला २१ रकाने वाचायचे होते आणि त्याला पुरवले गेले होते २०. एकविसावा शोधायला तो पुढे गेला आणि जिथे वाचायची मुभा नाही तिथे जाऊन वाचू लागला.

वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना यात काहीतरी ओळखीचे दिसेल. रकाने २१ आणि नोंदी २० असा घोळ आपल्या वहीत झाला तर फार तर तेरीज जुळत नाही. मास्तर लाल शाईने खूण करतात आणि प्रकरण मिटते. मग तिथे सगळे यंत्रच का कोसळावे? आणि ज्यांच्यावर अशा चुका शोधण्याची पाळी येते त्यांच्या हाती साधने तरी कोणती असतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याने मात्र मला बरेच दिवस गुंतवून ठेवले.

संगणकात दोन प्रकारचे कार्यक्रम चालतात. आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, गाणी ऐकतो ते सगळे बाहेरच्या ओसरीवरचे. आत, माजघरात, असतो तो कर्नेल, म्हणजे गाभा. स्मृती कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कुणाची पाळी, हे सगळे तो ठरवतो. ओसरीवरचा कुणी वेडेवाकडे वागला तर कर्नेल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचे घर शाबूत राहते. पण कर्नेलच चुकला तर त्याला बाहेर काढणार कोण? म्हणून तो स्वतःहून थांबतो. बिघडलेल्या अवस्थेत चालत राहून तबकडीवरची माहिती नासवण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार. निळा पडदा म्हणजे हे थांबणे.

आणि ड्रायव्हर राहतो या माजघरात. ड्रायव्हर म्हणजे काय, हे आम्हा बालाघाटकरांना समजावणे अवघड नाही. गोंदियाहून जबलपूरला जाणारी सातपुड्याची लाइन अडीच फुटांची, आमची ‘छोटी लाइन’. गोंदियाला हावडा–मुंबईची मोठी लाइन. मोठ्या डब्यातला माल छोट्या डब्यात जसाच्या तसा जाणार नाही. मध्ये हमालांची टोळी हवी, जिला दोन्हीकडच्या डब्यांची मापे, दोन्हीकडची वेळापत्रके आणि दोन्हीकडचे कागद ठाऊक आहेत. (आता ती लाइन ब्रॉडगेज झाली. कन्नड विभागातील मित्रांनी मिरज आठवावे. तिथे तर एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ होते.) कर्नेल ही मोठी लाइन, प्रिंटर, कॅमेरा, नेटवर्क कार्ड या छोट्या लाइनी, आणि मधली टोळी म्हणजे ड्रायव्हर. कर्नेल लिहिणारे थोडे असतात, उपकरणे मात्र हजारो कंपन्यांची. तेव्हा या टोळीत कोण कुठून आलेले, याचा नेम नाही. आणि काम तर घराच्या अगदी आत. क्राउडस्ट्राइकचा तो भाग कुठल्या उपकरणाचा नव्हता, पण याच माजघरात राहणारा होता. तो यंत्र सुरू होतानाच आत येई, म्हणून पुन्हा चालू करून उपयोग होत नव्हता.

आता चूक शोधण्याचे पाहू. ओसरीवरच्या कार्यक्रमासाठी डिबगर नावाचे साधन असते. कार्यक्रम हव्या त्या ओळीवर थांबवा, कोणत्या रकान्यात काय आहे ते पाहा, एक ओळ पुढे सरका, पुन्हा पाहा. एखाद्या ऑडिटरला कीर्द चालू असतानाच दर नोंदीला लेखनिकाचा हात धरता यावा, असा हा प्रकार. परंतु डिबगर स्वतः कर्नेलच्या जिवावर चालतो. पडदा, कळफलक, स्मृती, सगळे त्याला कर्नेलकडून मिळते. कर्नेलच थांबवला की डिबगरही थांबला. स्वतःच्या डोळ्याचे ऑपरेशन स्वतःच करण्यासारखे हे आहे.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे दोन यंत्रे. एकावर आजारी कर्नेल, दुसऱ्यावर वैद्य आणि मध्ये एक तार. माझे मावसभाऊ पुण्यात एका कंपनीत ड्रायव्हर लिहितात. गेल्या दिवाळीत त्यांच्या टेबलावर मी ही जोडी पाहिली. तार होती जुन्या नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टची. “दादा, आजच्या काळात ही तार?” असे मी विचारले. ते म्हणाले, “अगं, सगळे मेल्यावरही ही बोलते.” खरे आहे. यूएसबी किंवा वायफाय चालवायला केवढा तरी पसारा जिवंत असावा लागतो. सिरियल पोर्टला जवळजवळ काहीच लागत नाही.

पण तिचा वेग पाहा. नेहमीचा वरचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षरामागे दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरे. एक गिगाबाइट स्मृतीची नक्कल या तारेवरून मागवायची म्हटली, तर त्रैराशिक मांडून पाहा, जवळजवळ २६ तास लागतात. आजकालच्या साध्या लॅपटॉपातही आठ गिगाबाइट असतात. शिवाय लॅपटॉपांवरून हा पोर्ट केव्हाच नाहीसा झाला. विंडोजवाल्यांना कंपनीने पुढे फायरवायर, मग यूएसबीची खास तार आणि २०१२ साली विंडोज ८ बरोबर नेटवर्कचाही मार्ग दिला. तरी त्यासाठी ठरावीक जातीचेच नेटवर्क कार्ड लागते. म्हणजे रोग्याच्या हाताला अमुक मापाची शीर असेल तरच इंजेक्शन!

एकाच यंत्रावर काम भागवणारे साधन झालेच नाही असे नाही. सॉफ्टआइस नावाचा डिबगर विंडोजच्याही खाली बसून सबंध यंत्र गोठवी. ड्रायव्हर लिहिणारे त्याच्यावर फिदा होते. २००६ साली कंपनीने तो बंद केला.

तार नसेल तर काय करायचे? लिनक्सवर बहुतेक जण जे करतात ते फार साधे आहे. ड्रायव्हरमध्ये जागोजागी ‘प्रिंट-के’ची ओळ घालायची: इथवर आलो, ही संख्या अमुक, पुढे गेलो. मग यंत्र कोसळले की शेवटची ओळ कोणती ते पाहायचे. पण ती ओळ नोंदवहीत उतरण्याआधीच यंत्र गेले असेल तर? आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे काही चुका केवळ वेळेच्या असतात. दोन हमाल एकाच पोत्याला एकाच क्षणी हात घालतात, तेव्हाच घोटाळा होतो. ‘प्रिंट-के’ घातली की एक जण नोंद करायला क्षणभर थांबतो आणि दोघांची गाठच पडत नाही! चूक गायब. ओळ काढली की चूक हजर. ऑडिटर दारात दिसला की दुकान नीटनेटके व्हावे, तसे.

थांबवून पाहण्यातही असाच पेच आहे. तारेवरून कर्नेल थांबवला तर सगळे प्रोसेसर थांबतात, पण बाहेरचे उपकरण थांबत नाही. नेटवर्क कार्डावर पाकिटे येतच असतात. पलीकडचा संगणक उत्तराची वाट पाहून जोडणी तोडतो. आपण शांतपणे रकाने तपासून यंत्र पुन्हा चालू करावे, तर ज्याची तपासणी करायची ती परिस्थितीच उरलेली नसते. लिनक्स कोसळताना जो अहवाल मागे ठेवतो त्याचे नावच ‘ऊप्स’. त्यात स्मृतीतल्या पत्त्यांचे आकडे असतात. त्या आकड्यांची नावे सांगणारी फाइल नेमकी त्याच कर्नेलची हवी. गेल्या महिन्यातली चालत नाही, कारण खतावणीची पाने बदलली की जुनी अनुक्रमणिका भलत्याच खात्यावर नेते.

आता मुद्द्याचे. ही साधने अपुरी राहिली ती सगळी यंत्राच्या अडचणीमुळेच का? लिनक्सच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही. सप्टेंबर २००० मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नेलमध्ये डिबगर घ्यायला जाहीर नकार दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: डिबगर हाती असला की माणूस कारण शोधण्याऐवजी लक्षण झाकतो. डिबगर नसला की तो आधी विचार करतो आणि जपून लिहितो. काम अवघड झाल्याने काही जण सोडून जातील, तर जाऊ देत.

म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तेरीज जुळेना म्हणून फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे होणारे आपल्या वर्गातही आहेत. आणि दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा तेरीज जुळूनही हिशेब खोटाच असतो. पण म्हणून ऑडिट बंद करा म्हणजे कारकून जपून लिहितील, असे कुणी म्हटले आहे का? शिवाय टॉरवाल्ड्स यांना कर्नेल तोंडपाठ. ज्याला कर्नेलचा एकच कोपरा ठाऊक आहे, ज्याच्यापुढे अर्धवट माहितीपत्रक असलेले कार्ड आहे आणि महिनाअखेरीस माल द्यायचा आहे, त्या दूरच्या माणसाला हा उपदेश परवडत नाही.

असे वाटणाऱ्यांनी साधन बाहेरच्या बाहेर जिवंत ठेवले, आणि इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. केजीडीबी हा दोन यंत्रांचा डिबगर काही वर्षे सांभाळला तो पुण्याच्या अमित काळे यांनी. आज लिनक्सच्या त्या फाइलच्या माथ्यावर, परवान्याच्या ओळींत, त्या काळी पुण्यात मोठे केंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीचे नाव २०००–२००१ साठी आहे, अमित काळे यांचे २००३–२००४ साठी आणि पुण्याच्याच लिनसिससॉफ्टचे २००४–२००६ साठी. सांभाळणे म्हणजे काय, ते ध्यानात घ्या. मूळ कर्नेल सतत बदलते. बाहेर ठेवलेले ठिगळ दर आवृत्तीला उसवते आणि पुन्हा शिवावे लागते. वर श्रेय शून्य, कारण मुख्य घरात त्याला जागाच नाही. अँड्र्यू मॉर्टन यांनी ते आपल्या प्रायोगिक शाखेत वागवले, एवढाच आधार. अखेर जेसन वेसल यांच्या हातून, बरेच सोलून-तासून, जुलै २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी आत आला. २०१० मध्ये २.६.३५ बरोबर केडीबीही आला. तार लागायची ती लागतेच. नेटवर्कवरून चालणारा केजीडीबीचा मार्ग मुख्य घरात आला नाही.

आठ वर्षे! या काळात बाहेरच्या ठिगळावर किती जणांचे किती तास गेले असतील, याची नोंद कुठल्याच खात्यात नाही.

१९ जुलैचा अनर्थ डिबगर नसल्याने झाला असे मी म्हणत नाही. तिथे रकान्यांची मोजणी करणारी एक तपासणी कमी पडली आणि फाइल एकदम सगळ्यांना धाडली गेली. पण माजघरातल्या चुकीची किंमत किती असते ते त्या दिवशी सर्वांना कळले, आणि ती किंमत ड्रायव्हर लिहिणाऱ्याने नव्हे, रांगेत उभ्या असलेल्यांनी मोजली. शेवटी ती यंत्रे उठवायला माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये चालू करून, हाताने फाइल पुसावी लागली.

हल्ली खोटा संगणक, म्हणजे एका यंत्राच्या पोटात चालणारे दुसरे यंत्र, वापरून बरेच काम होते. तिथे तार लागत नाही आणि थांबवणेही सोपे. परंतु खोट्या संगणकात खोटेच कार्ड असते. खरे कार्ड गरम होते, उशिरा उत्तर देते, कधी माहितीपत्रकाच्या उलट वागते, आणि ड्रायव्हरवाल्याचे भांडण असते ते त्याच्याशी. म्हणून दादांच्या टेबलावर ते जुने यंत्र अजून आहे. त्याचा सिरियल पोर्ट सैल झाला आहे, टाचणी हलू नये म्हणून तारेखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवला आहे, आणि त्यांच्या विभागातले आणखी दोघे त्या यंत्रासाठी पाळी लावून बसतात.